तिच्या तोंडी कोणतं वाक्य देताय?

ताई,

सात महिन्यांपूर्वी मी विक्रीच्या नोकरीला लागलो. आमची कंपनी कारखान्यांमधल्या कॉम्प्रेस्ड एअरच्या, म्हणजे यंत्रं चालवायला कॉम्प्रेसरनं दाबलेल्या हवेच्या, लाइनमधली गळती शोधून देते. दिवसाला चाळीस-पन्नास फोन करायचे असतात. बहुतेक ठिकाणी रिसेप्शन किंवा साहेबांच्या पीएच्या पुढे जाताच येत नाही. ‘मीटिंगमध्ये आहेत’, ‘मेल टाका’, ‘गरज असली तर कळवू’. आमचे सीनियर म्हणाले, आवाजात रुबाब ठेव, काम काय ते सांगूच नकोस. मागच्या महिन्यात एका मोठ्या कारखान्यात मी ‘साहेबांनीच फोन करायला सांगितलंय’ असं ठोकून दिलं. फोन जोडला गेला. साहेबांना काही अर्थबोध होईना, अर्ध्या मिनिटात त्यांनी फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा केला तर त्या बाई म्हणाल्या, ‘तुमच्यामुळे मला बोलणी खावी लागली. पुन्हा फोन करू नका.’ हा कारखाना आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तिथे आता कसं जायचं? आणि एरवीही या लोकांशी संबंध चांगले ठेवायचे म्हणजे नेमकं काय करायचं? काही भेटवस्तू पाठवू का?

– एक सेल्समन

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मनातून जात नाही. ‘तुमच्यामुळे मला बोलणी खावी लागली.’ तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबणार आहे, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या वाक्यात आहे.

विक्रीत येण्याआधी मी चार वर्षं एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डवर बसायचे. तुम्ही ज्या खुर्चीशी बोलता ती खुर्ची मला आतून माहीत आहे. समोर दोन लाइन लुकलुकत असतात, काउंटरवर कुरिअरवाला सही मागत उभा असतो, कुणीतरी मीटिंग रूमची किल्ली विचारत असतं आणि त्यात तुमचा फोन येतो. तुमचं काय करायचं हे ठरवायला तिच्याकडे दहा-बारा सेकंद असतात. ठरवताना ती तुमचा माल चांगला की वाईट हे बघत नसते, ते बघणं तिचं कामही नाही. तिच्या डोक्यात एकच हिशोब चालू असतो: हा फोन आत दिला तर साहेब मला काय म्हणतील?

नको असलेला फोन आत गेला तर साहेब विक्रेत्याला दोन शब्द बोलून फोन ठेवतात. मग बाहेर येऊन ‘हे कोणाला जोडलंत?’ असं विचारतात ते तिला. माझ्यावर ही वेळ पहिल्या वर्षात पाच-सहा वेळा आली असेल. दरवेळी पलीकडच्या माणसानं मला शेंडी लावलेली असायची. ‘त्यांचा जुना मित्र आहे’, ‘घरचं काम आहे’, ‘कालच बोलणं झालंय’. त्या माणसांचे आवाज मला आजही आठवतात. तुम्हाला वाटतं तुम्ही एक फोन केला आणि विसरला. बोर्डवर बसणारा माणूस आवाज विसरत नाही, त्याचं कामच आवाजांचं असतं.

म्हणजे ती जेव्हा तुमचा फोन आत देते, तेव्हा ती स्वतःची पत पणाला लावते. तुमच्यासारख्या दिवसाला दहा जणांसाठी तिनं ती का लावावी? हा प्रश्न स्वतःला विचारून मग फोन उचला. तुमचं बोलणं आपोआप बदलेल.

आता फोन जोडण्याआधी ती काय करते ते बघा. तुम्हाला होल्डवर टाकते, आतला नंबर दाबते आणि साहेबांना एक वाक्य सांगते. एकच. ‘सर, अमुक कंपनीतून अमुक आहेत, अमुक कामासाठी.’ त्यावर आतून ‘दे’ किंवा ‘नको’ एवढंच येतं. सगळी विक्री त्या एका वाक्यावर अवलंबून असते आणि ते वाक्य तुम्ही बोलत नाही, ती बोलते. तुम्ही रुबाबात ‘साहेबांना द्या’ म्हणालात तर तिच्याकडे सांगायला काहीच नसतं. तुम्ही तीन मिनिटं माहिती ओतलीत तर तिला त्यातलं काय सांगावं कळत नाही. दोन्हीकडे परिणाम एकच, ‘मीटिंगमध्ये आहेत.’ तुमच्याविषयी तिला राग नसला तरी ती फोन जोडू शकत नाही, कारण तिच्या तोंडी द्यायला तुम्ही काही दिलेलंच नाही.

तेव्हा तयारी करायची ती त्या वाक्याची. तुमच्याच कामाचं उदाहरण घेऊ. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यांत कॉम्प्रेसर जेवढी हवा तयार करतो त्यातली २० ते ३० टक्के गळतीत जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. हवा दाबायला वीज लागते, म्हणजे तेवढी वीज सांध्यांमधून आणि पाइपांमधून सुसू करत निघून जाते. तुमच्याजवळ एवढी ठोस गोष्ट आहे आणि तुम्ही ती लपवताय! याचं तिला सांगता येईल असं वाक्य करा. ‘कॉम्प्रेसरच्या हवेची गळती शोधून वीजबिल कमी करण्याबद्दल बोलायचं होतं.’ हे ती जसंच्या तसं आत सांगू शकते. त्यात ‘नावीन्यपूर्ण’, ‘सर्वंकष’, ‘सोल्युशन’ असले शब्द नकोत. ज्या शब्दाला ती साहेबांसमोर अडखळेल तो शब्द काढून टाका. वाक्य झालं की घरच्या कुणाला तरी एकदाच ऐकवा आणि पाच मिनिटांनी त्यांच्या तोंडून परत वदवून घ्या. त्यांना सांगता आलं तर तिलाही येईल.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही. हवेची गळती हा मोठ्या साहेबांचा विषयच नाही. तो मेंटेनन्सचा, युटिलिटीचा, काही ठिकाणी ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या इंजिनियरचा विषय आहे. तुम्ही चुकीच्या दारावर धडका मारताय आणि बरोबर दार कोणतं हे त्या अख्ख्या इमारतीत सगळ्यात चांगलं तिला माहीत आहे. कोण कुठल्या विभागात आहे, कोण रजेवर आहे, कुणाची बदली झाली, कोण फोन उचलतो आणि कोण फक्त मेल वाचतो, हे सगळं तिच्याकडे असतं. म्हणून साहेबांचं नाव घेऊन मागे लागण्याऐवजी सरळ विचारा: ‘कॉम्प्रेसर आणि हवेच्या लाइनचं काम तुमच्याकडे कोण बघतं? त्यांच्याशी कधी आणि कसं बोललेलं बरं पडेल, तुम्ही सांगू शकाल का?’ या प्रश्नाला उत्तर देताना तिला कुठलाच धोका नसतो. उलट दिवसभर ‘द्या’, ‘जोडा’, ‘लवकर’ ऐकणाऱ्या माणसाला कुणीतरी जाणकार समजून विचारतंय. पण विचाराल तर उत्तर ऐका आणि ती सांगेल तसंच करा. मदत मागायची आणि मग आपल्याच मनाचं करायचं, हे ती दुसऱ्याच फोनला ओळखते.

‘कशाबद्दल?’ असं तिनं विचारलं की खरं आणि थोडक्यात सांगा. ‘वैयक्तिक काम आहे’ म्हणू नका. ‘ते मी त्यांनाच सांगेन’ तर कधीच म्हणू नका. त्यातून तिला एवढंच ऐकू येतं की तुझी तेवढी लायकी नाही. विक्रीचा फोन आहे का, असं तिनं थेट विचारलं तर ‘हो’ म्हणा. माझ्या बोर्डवर असं ‘हो’ म्हणणारे फार थोडे होते आणि ‘हो, विक्रीचाच आहे, पण विषय तुमच्या कारखान्याच्या कामाचा आहे, म्हणून विचारतोय’ असं म्हणणाऱ्याला मी निदान योग्य माणसाचं नाव तरी द्यायचे.

तुमच्या सीनियरच्या सल्ल्याबद्दल. रुबाब चालतो, हे मी नाकारत नाही. पहिल्यांदा चालतो. एखादी नवखी मुलगी किंवा मुलगा बोर्डवर असेल तर घाबरून फोन जोडूनही देईल. पण तुमचं काम एका फोनचं नाही. आज गळतीचा सर्व्हे द्याल, वर्षानं पुन्हा द्याल, मधे बिलासाठी फोन कराल, इंजिनियर पाठवायची वेळ ठरवाल. दरवेळी तीच माणसं तिथे असतील. साहेब बदलतात, पर्चेसचा माणूस बदलतो, बोर्डवरचा माणूस कित्येकदा दहा-दहा वर्षं तिथेच असतो. मी विक्रीत आल्यावर माझे सगळ्यात जुने संबंध राहिले ते अशा माणसांशीच. दोन-तीन जण तर नोकरी बदलून दुसरीकडे गेले आणि तिथून स्वतःहून फोन करून म्हणाले, ‘इथे अमुक साहेब हे काम बघतात, तुम्ही बोलून घ्या.’

विक्रीच्या प्रशिक्षणात या माणसांना ‘गेटकीपर’ म्हणतात आणि त्यांना ‘पार कसं करायचं’ ते शिकवतात. मला ते शिकवणंच मान्य नाही. मधल्या माणसाला वळसा घालायची इच्छा जुनी आहे, तिचा इतिहास सांगते. टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली तेव्हा फोन जोडायला तरुण पोरं बसवली होती. ती ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, खोड्या काढत. म्हणून १८७८ मध्ये बोस्टनला एमा नट यांना नेमलं, त्या पहिल्या महिला टेलिफोन ऑपरेटर. त्यांच्यामागून बायका या कामात मोठ्या संख्येनं आल्या, त्या आवाजातल्या सौजन्यामुळे. पुढे अल्मन स्ट्रॉजर नावाच्या, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका व्यावसायिकाला संशय आला म्हणे, की ऑपरेटर आपले फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते. मधलं माणूसच नको, म्हणून त्यानं आपोआप जोडणी करणारं यंत्र केलं. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. हळूहळू एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर गेल्या. पण ‘कोण बोलतंय आणि कशासाठी?’ हा प्रश्न गेला नाही. तो ऑफिसच्या रिसेप्शनवर येऊन बसला आणि आता फोनच्या आत शिरलाय. गूगलनं २०१८ मध्ये पिक्सेल फोनमध्ये कॉल स्क्रीन आणलं, ॲपलनं २०२५ मध्ये आयफोनमध्ये तशीच सोय दिली. अनोळखी नंबर आला की यंत्रच विचारतं, नाव सांगा, काम सांगा. त्या यंत्रापुढे रुबाब दाखवून काय होणार? तिथेही तेच एक स्वच्छ वाक्य लागतं.

आता तुम्हाला रोज ऐकू येणाऱ्या त्या तीन उत्तरांकडे येऊ.

‘मीटिंगमध्ये आहेत’ हे खरं माना. कधी खरं असतं, कधी नसतं, पण तुम्ही ते खरं मानून बोललात की तिला खोटं निभावण्याचा ताण राहत नाही. ‘बरं, मग कधी केलेला बरा?’ एवढंच विचारा. ती म्हणाली गुरुवारी चारनंतर, तर गुरुवारी चारनंतरच करा आणि सांगा, ‘तुम्ही आज चारनंतर करायला सांगितलं होतं.’ हे इतकं साधं आहे की लोक करत नाहीत. सोमवारी पुन्हा, मंगळवारी पुन्हा असं करून तिचा जीव खातात. ‘त्यांना मला फोन करायला सांगा’ असा निरोपही ठेवू नका. जे काम तुमचं आहे ते तुम्ही तिच्या गळ्यात बांधता आणि साहेबांनी फोन केला नाही की तीच अवघडते.

‘मेल टाका’ यात बोळवण असू शकते आणि खरी सोयही असू शकते. दोन्हीला एकच उत्तर: ‘टाकतो. कोणत्या पत्त्यावर टाकू आणि विषयात काय लिहू, म्हणजे तुम्हाला पटकन सापडेल?’ बोळवण करायची असेल तर ती सामान्य पत्ता देईल, तुम्हाला अंदाज येईल. खरंच पुढे पाठवायचं असेल तर ती नाव देईल. मग मेल असा लिहा की तिला एक अक्षर न बदलता पुढे पाठवता यावा. पाच-सहा ओळी, जोडपत्रं नाहीत आणि त्यात समोरच्याच्या हाती लागेल असं काहीतरी. उदाहरणार्थ लिहा, की सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारी सगळी यंत्रं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा आणि तो किती वेळ लोडवर जातो ते घड्याळ लावून बघा. कुणीच हवा वापरत नसताना तो जेवढा वेळ हवा भरत राहतो, तेवढी गळती आहे. हे कुठलाही मेंटेनन्सचा माणूस पैसे न देता करू शकतो. असा मेल पुढे पाठवताना तिला संकोच वाटत नाही, कारण ती जाहिरात पाठवत नसते, कामाची गोष्ट पाठवत असते. ज्या इंजिनियरनं ते करून बघितलं तो तुम्हाला स्वतः फोन करेल.

‘गरज असली तर कळवू’ हा नकार आहे. तो घ्या. ‘ठीक आहे, वेळ दिल्याबद्दल आभार’ म्हणून फोन ठेवा. फार तर सहा महिन्यांनी एकदा विचारलं तर चालेल का, हे विचारून घ्या. नकार नीट घेणाऱ्याचा आवाजही लक्षात राहतो.

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा, बोर्ड बंद असताना फोन करावा का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. करायला हरकत नाही, नंबर सगळ्यांसाठीच असतो. साहेबांनी उचलला तर तेच वाक्य बोला. फक्त ‘तुमच्या ऑफिसमधून नंबर मिळाला’ असं म्हणून तिला मधे ओढू नका. साहेब म्हणाले ‘उद्या ऑफिसमध्ये बोलून घ्या’, तर दुसऱ्या दिवशी तिला आधी सांगा की काल संध्याकाळी असं बोलणं झालं. तिच्या पाठीमागे काही घडलंय असं तिला वाटता कामा नये.

नाव विचारून घ्या, आपलं नाव आधी सांगून. वहीत लिहून ठेवा, ती काय म्हणाली तेही लिहा. पण दर वाक्यात नाव घेऊ नका, ते कानाला चिकट लागतं. तिच्या घरचं, आजारपणाचं काही ओघात कानावर आलं तर ते पुढच्या फोनला वापरायचं हत्यार म्हणून नोंदवू नका. माझा एक नियम आहे: वहीचं ते पान तिच्या हाती पडलं तर मला शरम वाटणार नाही, एवढंच लिहायचं. आणि जिथे ‘ती’ म्हणतेय तिथे ‘तो’ही धरा, गेटवरचा सिक्युरिटीचा माणूसही धरा. भेटीला जाल तेव्हा रजिस्टरमध्ये नीट नाव लिहिणं, बॅग स्वतःहून उघडून दाखवणं, हेही याच कामात येतं.

भेटवस्तू नको. अजिबात नको. अनेक कंपन्यांत पुरवठादारांकडून काही घ्यायला मनाई असते आणि नसली तरी तुमच्या वस्तूमुळे ती पुन्हा साहेबांसमोर अडचणीत येईल. त्याऐवजी काम झालं की तिला कळवा. ‘तुम्ही ज्यांचं नाव दिलंत त्यांच्याशी बोलणं झालं, पुढच्या आठवड्यात सर्व्हे ठरला. तुमच्यामुळे योग्य माणूस भेटला.’ चार वर्षांत मी हजारो फोन जोडले असतील. पुढे काय झालं हे परत सांगणारे मला बोटांवर मोजता येतील आणि त्यांचे फोन मी कधी ताटकळत ठेवले नाहीत.

आता तो कारखाना. त्यांनी ‘पुन्हा फोन करू नका’ म्हटलंय, तर फोन करू नका, माफीसाठीसुद्धा. सहकाऱ्याला वेगळ्या नावानं फोन करायला लावणं ही तीच फसवणूक दुसऱ्यांदा होईल. त्यांची पत गेली ती साहेबांपुढे, तेव्हा ती तिथेच परत करता आली पाहिजे. ऑफिसच्या पत्त्यावर, त्यांच्या नावे किंवा नाव ठाऊक नसेल तर रिसेप्शनच्या नावे, एवढाच मेल टाका:

‘मागच्या महिन्यात मी साहेबांनीच फोन करायला सांगितल्याचं तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवून फोन जोडलात, तुमची काही चूक नव्हती. माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, त्याबद्दल मी माफी मागतो. हा मेल साहेबांना दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. मी फोन करणार नाही.’

खाली तुमचं पूर्ण नाव आणि कंपनीचं नाव. गळतीबद्दल एक शब्द नाही, माहितीपत्रक नाही, सहीखाली जाहिरातीची ओळही नाही. पाठवण्याआधी तुमच्या मॅनेजरला दाखवा, कारण कंपनीचं नाव त्यात आहे आणि काय घडलं ते त्यांनाही तुमच्याकडून कळलेलं बरं. मग तो कारखाना यादीतून काढून ठेवा. उत्तर येणार नाही अशी तयारी ठेवा. आलंच तर त्यात त्या काय सांगतात तेवढंच करा आणि मला कळवा.